तहानेवर विसंबू नका

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, गेल्या चैत्रात तू सांगलीहून एस.टी.ने स्वारगेटला आलीस, तेव्हा गाडीच्या पायरीवरून उतरताना तुझा तोल गेला, ते अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. वाटेत स्वच्छतागृहाची पंचाईत नको म्हणून तू सकाळच्या चहानंतर पाण्याचा घोटही घेतला नव्हतास. घरी आल्यावर लघवी हळदीसारखी पिवळी झाली म्हणून तू घाबरलीस आणि म्हणालीस, "अगं, पण मला तहानच लागली नव्हती." त्या वाक्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

तो गडद रंग म्हणजे तुझी मूत्रपिंडे जीव तोडून पाणी वाचवत असल्याची खूण होती. बाबा, तुम्ही आयुष्यभर उसाला पाणी पाजले आहे, तुम्हाला हे लगेच उमगेल. मुठीएवढ्या या दोन अवयवांत, प्रत्येकी सुमारे 10 लाख, बारीक गाळण्या असतात. त्यांतून दिवसभरात सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, आणि लघवीवाटे मात्र दीड-दोन लिटरच बाहेर पडतो. गाळलेले बहुतेक पाणी वाटेतच आपोआप रक्तात परतते, पण शेवटच्या थोड्या पाण्यासाठी कोणाला तरी दारे धरावी लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी रक्ताचा खारेपणा सतत जोखत असतात. तो एक-दोन टक्क्यांनी जरी वाढला, तरी पीयूष ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते, आणि गाळण्यांना जोडलेल्या बारीक नलिकांच्या शेवटच्या टप्प्यात पाण्यासाठी सूक्ष्म वाटा उघडून पाणी रक्तात ओढले जाते. आपण भरपूर पाणी प्यायलो की संप्रेरक कमी होते, वाटा मिटतात आणि फिकी, पातळ लघवी होते. सरी भरली की तुम्ही खोऱ्याने माती ओढून दारे बंद करता, तसेच. ज्या प्रथिनांमुळे या वाटा तयार होतात, त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मात्र मूत्रपिंडांना पाणी वाचवता येते, निर्माण करता येत नाही. थेंबभर पाणी प्यायलो नाही, तरी शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी रोज सुमारे अर्धा लिटर पाणी त्यांना खर्च करावेच लागते. शिवाय वय वाढले की त्यांची पाणी राखण्याची ताकद उतरते, आणि नेमकी त्याच वेळी तहानेची जाणीवही बोथट होते. म्हणून आई, "तहान लागली की पिईन" हा नियम तू आता सोड.

बाबा, तुम्ही रात्री तीन-चार वेळा उठता, त्याचा एक धागाही इथेच आहे. तरुणपणी रात्री हे संप्रेरक वाढते, म्हणून झोप मोडत नाही. उतारवयात ती वाढ कमी पडते. पाण्याचा मोठा वाटा दिवसा संपवा आणि संध्याकाळनंतर हात आखडता घ्या. प्रोस्टेटचेही कारण असू शकते, तेव्हा संकोच न करता डॉक्टरांना सांगा. तुमची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे, ती मनाने बंद करू नका. पण जुलाब-उलट्या झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या मात्र कृपा करून थांबवा, कारण शरीर कोरडे असताना त्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात.

एका दमात तांब्यामागून तांब्या रिचवणेही बरे नाही. रक्तातले सोडियम उतरून माणूस भ्रमिष्ट होतो. डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिली असेल, तर तीच पाळायची.

आई, यंदा तुम्हा दोघांना आणायला मी स्वतः येणार आहे. कराडच्या आणि साताऱ्याच्या स्टँडवर मी तुझ्याबरोबर उतरेन. बाटली तेवढी भरून घे.

तुमची लेक