नाना, पावती तुमच्या नावानं फाडून ठेवली आहे

आदरणीय नाना,

साष्टांग नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव कुठेही लिहिलेलं नाही. वसतिगृहाच्या फलकावर ते नको, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून इथेही टाळलं. पण आभार मला चारचौघांत मानायचे आहेत. सातपुड्याच्या अंगाखांद्यावर आमच्यासारख्या लहान संस्था चालवणारी बरीच माणसं आहेत, आणि तुम्ही आम्हाला जे दिलंत ते त्यांच्याही कामाचं आहे.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आठवडा होता. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली माणसं धडगावकडे परतत होती, आपापली पोरं घरी नेत होती. दिवाळीनंतर आई-बाप कोयता घेऊन निघाले की मागे राहणारी ४६ पोरं आमच्या हंगामी वसतिगृहात होती, आणि पुढच्या हंगामात ते उघडायचं नाही असं मी विश्वस्तांना कळवून टाकलं होतं. एका कंपनीचा तीन वर्षांचा करार संपला होता, पुढे निधी नाही असं दोन ओळींचं पत्र आलं होतं. आमच्या दर शंभर रुपयांतले ऐंशी तिथून येत. शहाद्याहून एसटीनं घाट चढून तुम्ही आलात, ओट्यावर बसलात आणि विचारलंत, ‘काय व्हयनं?’ मी सगळं सांगितलं. सांगताना रडलेही. तुम्ही मध्ये एकदाही बोलला नाहीत. शेवटी म्हणालात, ‘वही आण.’

एका पोराला एका दिवसाला किती लागतं, हा तुमचा पहिला प्रश्न. मी लगेच साठ रुपये म्हटलं, कारण सगळ्या अर्जांत आम्ही तेच लिहीत आलो होतो. तुम्ही वहीत एकेक ओळ वाढवत गेलात: स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार, रात्री मुक्कामाला थांबणाऱ्या ताईंचा, गॅसच्या टाक्या, वीजबिल, पोर तापानं फणफणली की दवाखान्यापर्यंतची जीप, ऑडिटची फी, माझा पगार. माझ्या पगाराला मी अडले. गेली दोन वर्षं मी तो अर्धाच घेत होते आणि त्याचा मला अभिमान होता. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘तू उद्या गेलीस तर तुझ्या जागी येणारी अर्ध्या पगारावर येईल का? मग हा खर्च लपवून तू देणाऱ्याला खोटा आकडा सांगतेस.’ बेरीज एकशे तीसवर गेली. तोवर मागताना माझी जीभ अडखळायची आणि ते लाजेमुळे होतं असं मला वाटायचं. खरं तर मला आमचा खर्चच ठाऊक नव्हता. एसटीमध्ये पाय ठेवताना तुम्ही म्हणालेलं वाक्य आता कार्यालयातल्या कपाटाच्या दारावर आतून लावलेलं आहे: ‘पहिले हिसाब दखाड, मंग पैसा मांग.’

कंपन्यांकडे जायचं नाही, असं तुम्ही कधी म्हटलं नाहीत. उलट २०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ तुम्हीच समोर बसून वाचून घेतलंत. मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे, हे मला माहीत होतं. त्याच कलमात कंपनीनं आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही आहे, तिथे मी कधी थांबले नव्हते. तुम्ही बोट ठेवून विचारलंत, धडगावच्या परिसरात कोणती कंपनी आहे? पैसा मुंबई-पुण्याभोवती का घुटमळतो हे मला तेव्हा कळलं, आणि नकाराचं पत्र आमच्या कामाचा अपमान नव्हता हेही. पत्र आल्यापासून त्या रात्री पहिल्यांदा मला झोप लागली.

खानदेशात पैसा नाही, असं मी एकदा बोलून गेले. तुम्ही अमळनेरचे. १९४५ साली अमळनेरात निघालेल्या वनस्पती तुपाच्या कंपनीची गोष्ट तुम्ही सांगितलीत. तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्या घरांनी तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या न विकता जपले त्यांचं पुढे काय झालं, हे गावात प्रत्येकाला पाठ आहे. पैसा आहे, पण तो कधी कुणाच्या हातात येतो ते तू पाहत नाहीस, असं तुम्ही म्हणालात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा केल्यात. कापूसवाल्यांकडे दिवाळी ते संक्रांत. दादर, म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये पैसे मागायचेच नाहीत, धान्य मागायचं. नोकरदारांकडे मार्चच्या आधी, कर भरायची घाई असते तेव्हा. आणि सुरतेला, उधना-लिंबायतमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांकडे ती आखाजीला गावी येतात तेव्हा, समोरासमोर. आम्ही तोवर सगळ्यांना एकच छापील पत्र जूनमध्ये धाडत होतो, पेरणीच्या तोंडावर, जेव्हा शेतकऱ्याकडे बियाण्यालाही पैसा नसतो.

त्या वर्षी महिन्याला तीनशे रुपये देणारी माणसं आम्ही एकेक करून जोडली. मोठा देणगीदार गेला की घर बसतं, तीनशेवाले दहा गेले तर पुन्हा दहा शोधता येतात, हे तुमचं गणित. सोपं नव्हतं. अकरा जणांनी दोन महिन्यांत देणं थांबवलं. तुम्ही त्यांना मागणीचा नाही, चौकशीचा फोन करायला लावलात. एकाच्या घरी आजारपण निघालं. बाकीच्यांतल्या चौघांना आमची पावतीच पोचली नव्हती.

पावत्यांबद्दल तर किती लिहू! देणगी रोख दोन हजारांच्या वर घेतली तर देणाऱ्याला तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या ८०जी कलमाची करसवलत मिळत नसे, हे आम्ही कुणालाच सांगत नव्हतो. देणगीदारांची यादी त्यांच्या पॅन क्रमांकासह ३१ मेपर्यंत १०बीडी फॉर्ममध्ये आयकर खात्याला द्यावी लागायची, उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये शुल्क. एक वर्ष ती आमच्याकडून राहिली, आणि आमच्यावर विश्वास ठेवलेल्या एका शिक्षकांना कराची सवलत मिळाली नाही. चूक माझी होती. तुम्ही मला त्यांच्या घरी घेऊन गेलात आणि तिथे स्वतः काही बोलला नाहीत, मला बोलू दिलंत. ते आजही दर महिन्याला देतात.

धर्मादाय कार्यालयातली जुनी गुंतागुंतही तुम्हीच सोडवलीत. आमच्या कागदावर एक विश्वस्त असे होते जे चार वर्षांपूर्वी वारले होते. बदल अर्ज नव्वद दिवसांत द्यायचा असतो, आम्ही दिलाच नव्हता.

एक देणगी तुम्ही नाकारायला लावलीत, ती मला सगळ्यात मोठी वाटते. रक्कम चांगली होती. देणाऱ्यांना पोरांना रांगेत उभं करून हातात पाकिटं देतानाचे फोटो हवे होते. आमची तिजोरी रिकामी होती आणि मी हो म्हणण्याच्या बेतात होते. तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत. नववीतल्या पोरींना बोलावून विचारलंत, असा फोटो काढायचा का? त्यांनी माना खाली घातल्या. त्या दिवशीपासून नियम आहे: पोराचा फोटो त्याच्या आणि घरच्यांच्या होकाराशिवाय नाही, आणि घेतानाचा तर कधीच नाही.

माझ्याबद्दलही एक सांगते. सही माझी, किल्ली माझी, देणगीदारांचे फोन माझ्याच मोबाइलवर. तुम्ही विचारलंत, तीन आठवडे तू अंथरुणाला खिळलीस तर पोरं जेवतील का? उत्तर मला आवडलं नाही. मग बँकेत दोघींच्या सह्या आल्या आणि याद्या कार्यालयाच्या वहीत उतरल्या. सुरतेच्या बैठकीत मला मागच्या रांगेत बसवून तुम्ही आमच्याच वसतिगृहात शिकून मोठी झालेल्या पावरा आदिवासी मुलीला बोलायला उभं केलंत. तिचे आई-बाप बारडोलीकडच्या उसात असताना ती रात्री काय विचार करायची, ते तिनं पाच मिनिटांत सांगितलं. दहा वर्षांत मला तसं सांगता आलं नव्हतं. आता समन्वयक तीच आहे, आणि काही बाबतींत ती माझं ऐकत नाही. ते बरं आहे.

वसतिगृह चालू आहे. गेल्या हंगामात ५८ पोरं होती. सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा आता शंभरात तीसच्या आत आहे, आणि चार महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवलेला आहे. सहा महिन्यांचा हवा, हे लक्षात आहे. निघण्याआधी पालकांची सभा होते तेव्हा जमाखर्च पावरी बोलीत मोठ्यानं वाचला जातो. मागच्या सभेत एका आजीनं तेलाचे डबे दोन कमी का, म्हणून उभं राहून विचारलं. आम्ही वही काढून दाखवली.

नाना, फेब्रुवारीत दारात दादरचं एक पोतं कुणीतरी पहाटे ठेवून गेलं. मावशींनी तुमचा शहाद्याचा रिक्षावाला ओळखला. विनापावती दाणाही आत घ्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पोतं साठा-वहीत चढवलं आहे, पावती तुमच्या नावानं फाडून कपाटात ठेवली आहे. ती टपालानं येणार नाही. घ्यायला तुम्हीच या, घाटात पाऊस लागायच्या आत.

तुमची,
वसतिगृहातली पोरगी