तट पाहून झाले, आता शिधा कसा पोहोचत होता तेही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून आपल्या दैनिकात जलदुर्गांवर बरेच छापून येत आहे. आनंदाने वाचतो, कात्रणेही ठेवतो. पण प्रत्येक लेखात तटाची उंची, बुरुजांची संख्या आणि पायात ओतलेले शिसे एवढेच. तटाच्या आत जी माणसे राहत होती ती जेवत काय होती, हे काही कोणी लिहीत नाही. मी पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षे स्टोअर्स सांभाळले. त्यामुळे माझी नजर आधी तिकडेच जाते, हे कबूल.

गेल्या हिवाळ्यात अलिबागजवळच्या थळहून होडीने खांदेरीच्या जलदुर्गावर गेलो. ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा दगड दाखवला, तोफा दाखवल्या, दीपगृह दाखवले. बरोबरच्या वाटाड्याला विचारले, "इथे तांदूळ कुठून यायचा?" तो म्हणाला, "काका, असलं काही पुस्तकात नसतं."

असते की. ऑगस्ट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी दीडशे माणसे घेऊन या बेटावर उतरला आणि बांधकाम सुरू झाले. मुंबईच्या इंग्रजांनी लगोलग वेढा घातला, पुढे जंजिऱ्याचा सिद्दीही त्यांना येऊन मिळाला. १८ ऑक्टोबरच्या लढाईवर व्याख्याने होतात. खरी गंमत मात्र रात्रीची होती. इंग्रजांची जहाजे मोठी. वारा पडला की जागच्या जागी. आपले मचवे लहान, वल्ह्यांवर चालणारे, उथळ पाण्यातल्या खडकांमधून अंधारात सुटायचे आणि माणसे, दाणागोटा बेटावर उतरवायचे. पहारा असूनही ही ये-जा इंग्रजांना काही केल्या तोडता आली नाही. १६८० च्या सुरुवातीला त्यांनी जहाजे मागे घेतली.

पद्मदुर्गाची कथा तर याहून बोलकी. सिद्दीच्या जंजिऱ्यासमोर समुद्रात हा किल्ला उभा राहत होता आणि प्रभावळीच्या सुभेदाराने, जिवाजी विनायकाने, तिथल्या आरमारासाठी ठरलेला पैका आणि गल्ला पाठवलाच नाही. जानेवारी १६७५ मध्ये महाराजांनी त्याला जे पत्र लिहिले ते आमच्यासारख्या स्टोअर्सवाल्यांनी फ्रेम करून लावावे असे आहे. पद्मदुर्ग वसवून 'राजपुरीच्या (म्हणजे जंजिऱ्याच्या) उरावरी दुसरी राजपुरी' केली, आणि तुम्ही रसद न पाठवून आरमार खोळंबून ठेवता म्हणजे गनिमालाच सामील आहात, असा त्याचा रोख. नुसता उशीर नव्हे, फितुरी! आमच्याकडे माल वेळेवर आला नाही तर फार तर स्मरणपत्र जायचे, तेही तीन प्रतींत. हा पद्मदुर्ग वारसा यादीतल्या त्या बारांत नाही, हे जाता जाता.

माझे आजोळ चौलचे. आजी वैशाखातच आगोटीच्या मागे लागायची. तांदूळ, मीठ, मिरची, सुकी मासळी, सरपण सगळे पावसाआधी घरात. एकदा दर्या खवळला की चार महिने होड्या वर ओढलेल्या. आरमाराचेही तेच, पावसाळा लागण्याआधी गलबते छावणीला न्यावी लागत. म्हणजे बेटावरच्या किल्ल्याची वर्षाची बेगमी उरलेल्या आठ महिन्यांत व्हायला हवी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून बांधून द्यावा, बंदरातल्या मिळकतीवर त्याची नेमणूक करू नये, असे बजावले आहे. नाहीतर खलाशी सावकारांना नाडणार आणि बंदर बुडणार. पुरवठ्याची इतकी बारीक समज होती, आणि आपण शिशाच्या खंडी मोजत बसलो आहोत.

हे सगळे जुने म्हणून सोडून द्यावे, तर लक्षद्वीपला आजही आगोट चुकलेली नाही. वस्तीची बेटे दहा, नदी एकही नाही. तांदूळ कोची, बेपूर, मंगळूरहून समुद्रमार्गे जातो, विजेसाठीचे डिझेलही तसेच. कित्येक बेटांवर मोठे जहाज किनाऱ्याला लागत नाही. प्रवाळाच्या कड्याबाहेर उभे राहते आणि माणसे-सामान छोट्या होड्यांतून उतरते. पावसाळ्यात लाकडी गलबतांची फेरी बंद. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र बसले, दिवसाला एक लाख लिटरचे, तेव्हा कुठे तिथल्या विहिरींवरचा भार थोडा हलका झाला. ६ मार्च २०२४ रोजी मिनिकॉयला 'आयएनएस जटायू' हा नौदलाचा तळ सुरू झाला. ध्वजारोहणाचे छायाचित्र सगळीकडे झळकले. कोचीपासून चारशे किलोमीटरवरच्या त्या तळाला भाजी किती दिवसांनी मिळते, हे मला कुठेच वाचायला मिळाले नाही.

ग्रेट निकोबारच्या कॅम्पबेल बे भागात १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवली गेली. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्या बेटाची दक्षिण किनारपट्टी खचवली, इंदिरा पॉइंटचे दीपगृह पाण्यात उभे राहिले. निकोबारच्या बेटांवर धक्केच उरले नाहीत, तेव्हा थेट वाळूला लागणाऱ्या उथळ तळाच्या जहाजांची किंमत कळली. अशी आठ नवी जहाजे कोलकात्यात बांधून २०१७ ते २०२१ या काळात नौदलाला मिळाली. मला त्यांत थळचे मचवेच दिसतात.

तेव्हा विनंती दोन. थळच्या धक्क्यावर आणि खांदेरीवर जे माहितीफलक लागतील, त्यांवर मचव्यांचा रात्रीचा मार्ग काढावा. आणि आपल्या दैनिकाने एखाद्या बेटावरच्या तळाची बातमी देताना त्याखाली दोन ओळी द्याव्यात: जहाज महिन्यातून किती वेळा जाते आणि पावसाळ्यात कोण जाते. खडकवासल्याला बंदरे-धक्क्यांच्या प्रतिकृती करून अभ्यास करणारी, १९१६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. तिथे एखादा वार्ताहर पाठवलात तर पीएमपीच्या तिकिटात काम भागेल.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल,
कर्वेनगर, पुणे