ऑरेंजच्या विल्यमची ‘वेडी’ बायको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला विल्यम ऑफ ऑरेंज या सोळाव्या शतकातल्या डच बंडाच्या पुढाऱ्यावरचा लेख वाचला. स्पेनच्या राजाशी त्याने घेतलेली टक्कर लेखकाने छान रंगवली आहे. त्याची चार लग्ने मात्र एका चौकटीत उरकली आहेत आणि दुसरी पत्नी, सॅक्सनीची ॲना, हिची बोळवण ‘वेडसर आणि बदफैली’ एवढ्यावर केली आहे. हे पत्र त्या दोन विशेषणांबद्दल आहे.

पहिले लग्न १५५१ मधले. ब्यूरनच्या जहागिरीची वारसदार ॲना फान एग्मोंट. नवरा-नवरी दोघेही अठरा वर्षांची. ती १५५८ मध्ये वारली. पुढच्याच वर्षी विल्यमला एव्हा एलिंक्स नावाच्या बाईपासून मुलगा झाला, युस्टिनस. लग्न नव्हते, पण बापाने मुलाला आपले नाव दिले. तो पुढे आरमारात मोठ्या हुद्द्यावर चढला, ब्रेडाचा गव्हर्नर झाला. १६२५ मध्ये शहराची किल्ली स्पॅनिश सेनापतीपुढे धरणारा, वेलाझ्केझच्या प्रसिद्ध चित्रातला वाकलेला गृहस्थ, तो हाच. अनौरस म्हणून त्याचे कुठे काही अडले नाही.

आता ॲना. ऑगस्ट १५६१ मध्ये लाइपझिगला थाटामाटात लग्न लागले तेव्हा ती सोळा वर्षांची होती. वडील लढाईत गेलेले, आई नाही, काकाच्या दरबारात वाढलेली पोर. हुंडा होता एक लाख थालरचा (थालर म्हणजे चांदीचे जर्मन नाणे). मुलगी लुथेरन म्हणजे प्रोटेस्टंट, घर कॅथलिक, म्हणून तिचे आजोबा हेसचे फिलिप यांचा या स्थळाला सक्त विरोध. (याच आजोबांनी पहिली बायको हयात असताना १५४० मध्ये दुसरी केली होती आणि त्याला ल्यूथरची संमतीही मिळवली होती. पण ते असो.) स्पेनच्या राजालाही हे लग्न पसंत नव्हते. जर्मन सरदारांशी सोयरीक जुळली की आपला हा मनसबदार हाताबाहेर जाईल, हे त्याने ओळखले होते.

१५६७ मध्ये विल्यम कुटुंबासह जर्मनीत आपल्या वडिलोपार्जित वाड्यावर, डिलेनबुर्गला पळाला. पुढच्या वर्षी स्पेनचा सेनापती आल्बाच्या ड्यूकने त्याची नेदरलँड्समधली मालमत्ता जप्त केली. सैन्य उभे करायला घरातली चांदी, जडजवाहीर मोडीत निघाले. राजपुत्राची बायको म्हणून आलेली बाई दिरांच्या आश्रयावर जगू लागली. ती तिथून निघून कोलोनला गेली आणि जप्तीतून निदान आपला हक्क सोडवावा म्हणून तिने अँटवर्पहून परागंदा झालेला एक वकील गाठला, यान रुबेन्स. कागदपत्रांच्या कामातून प्रकरण पुढे गेले. मार्च १५७१ मध्ये रुबेन्सला पकडले, त्याने कबुली दिली आणि ऑगस्टमध्ये ॲनाला मुलगी झाली, क्रिस्टिना. विल्यमने तिला आपली मानले नाही.

यानंतर दोघांच्या वाट्याला काय आले ते पाहावे. रुबेन्सच्या गळ्याला फास लागायचाच बाकी होता. पण त्याची बायको मारिया पायपेलिंक्स हिने तुरुंगातल्या नवऱ्याला क्षमेची पत्रे लिहिली, नासाऊ घराण्याकडे, म्हणजे विल्यमच्या घरच्यांकडे, अर्जविनंत्या केल्या, जामिनाचे पैसे उभे केले. १५७३ मध्ये तो सुटला. १५७७ मध्ये झीगेनला त्यांना मुलगा झाला, तोच पुढे जगप्रसिद्ध झालेला चित्रकार पीटर पॉल रुबेन्स. त्याच वर्षी १८ डिसेंबरला ड्रेस्डेनमध्ये ॲना वारली. तेहेतीसही पुरी नव्हती. शेवटचा काळ तिने खिडक्या विटांनी बुजवलेल्या खोलीत काढला. जेवण दारातल्या झरोक्यातून आत सरकवत. माइसेनच्या कॅथेड्रलमध्ये तिला पुरले, थडग्यावर नाव नाही.

ती दारू पिई, नोकरमाणसांवर हात टाकी, असे कागदोपत्री आहे. ते खोटे असेल असे मी म्हणत नाही. पण ते लिहून ठेवणारे कोण? एक तर सासरचे, ज्यांना तिचा हुंड्यावरचा दावा नको होता. नाही तर माहेरचे, ज्यांना बोभाटा नको होता. दोन्हीकडून नकोशी झालेल्या बाईच्या वेडाचे दाखले तितक्याच सावधपणे वाचायला हवेत.

आणखी एक. विल्यमचे तिसरे लग्न १२ जून १५७५ चे, म्हणजे ॲना जिवंत असतानाचे. वधू शार्लोट द बूर्बों, एके काळची मठाधिकारीण. लहानपणीच बापाने मठात टाकलेली ही मुलगी १५७२ मध्ये तिथून निसटून हायडेलबर्गला गेली आणि प्रोटेस्टंट झाली. विल्यम लग्नाला मोकळा आहे, असा निर्वाळा पाच धर्मोपदेशकांनी आदल्या दिवशी दिला. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५८० मध्ये त्याच्या डोक्यावर २५,००० क्राउनचे इनाम लावले, त्या जाहीरनाम्यात या लग्नाचाही उद्धार आहे. विल्यमने उलट विचारले की सख्ख्या भाचीशी लग्न करणाऱ्याने आम्हाला काय शिकवावे! राज्यक्रांतीच्या खलित्यांत एकमेकांच्या बायका काढल्या गेल्या, हा भाग लेखात यायला हवा होता.

ॲनाचाच मुलगा मॉरिट्स पुढे डचांचा सेनापती झाला. १५९८ मध्ये डच खलाशांनी हिंदी महासागरातल्या एका बेटाला त्याचे नाव दिले, तेच मॉरिशस. तिथे आज मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. त्या नावामागे ही आई आहे.

शेवटी एक दुरुस्ती. चौथी पत्नी लुईझ द कोलिन्यी हिला चौकटीत ‘श्रीमंत फ्रेंच सरदारकन्या’ म्हटले आहे. ऑगस्ट १५७२ मध्ये पॅरिसमधल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीत तिचा बाप आणि पहिला नवरा दोघेही मारले गेले. १५८३ मध्ये तिने विल्यमशी लग्न केले आणि सव्वा वर्षात, १० जुलै १५८४ ला, डेल्फ्टच्या राहत्या वाड्यात त्याचाही खून झाला. तेव्हा तिच्या पदरात पाच महिन्यांचा फ्रेडरिक हेन्ड्रिक होता, शिवाय शार्लोटच्या मुलींची जबाबदारी आणि रिकामी तिजोरी. श्रीमंती कुठली? लेखमाला पुढे चालू राहणार असेल, तर या बाईवर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली