तो भंडारा नव्हता

कऱ्हाड,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय सुमे,

दिवाळीच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याच्या शिव्या राखून ठेव. हे वाचून झालं की एकदमच घाल. इकडे सगळे बरे. ह्यांचा खोकला आहे तसा आहे.

यंदा वारीत तू नव्हतीस, त्यामुळे दिवे घाटात 'अजून किती राहिलं गं' म्हणून डोकं खाणारं कुणी नव्हतं. मी आपली भराभर चालले. सासवडला पाय सुजले, पण ते दरवर्षीचंच. जेजुरी झाली. वाल्ह्याच्या मुक्कामी मोजे काढले तर उजव्याचा तळ पिवळा. मला वाटलं, भंडारा लागलाय. बोट टेकवून कपाळाकडे नेलंसुद्धा! मग वास आला.

अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, रुपयाएवढा फोड फुटून बसलेला. आणि दुखत नव्हता. सुमे, अजिबात दुखत नव्हता. दिंडीत सांगितलं तर म्हणतात, 'माउलींची कृपा!'

आता माझा गाढवपणा ऐक. पिशवीतली पांढरी चिकटपट्टी सरळ फोडावरच चिकटवली, वरून क्रेप बँडेज करकचून आवळलं आणि दुसऱ्या दिवशी नीरा ओलांडून लोणंदपर्यंत चालले. सुईदोरा मात्र ओवला नाही हो. १९९४ साली तू माझ्या टाचेत दोरा ठेवून दिला होतास, 'पाणी आपोआप झिरपतं' म्हणून. टाच पिकली ती पिकली, वर चार दिवस तूच माझ्याशी बोलत नव्हतीस. ते भांडण मी अजून सोडलेलं नाही.

लोणंदला औषधोपचाराच्या तंबूत डॉक्टरीण होती, आपल्या मृण्मयीएवढी. 'काकू, हे कुणी बांधलं?' पट्टी काढताना तिच्याबरोबर फोडाची सालही निघाली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते म्हणून कळलं, पायाकडून काही निरोप आला नाही. तिनं जखम सलाइननं धुतली, वर गॉझ ठेवलं. चिकटपट्टी फक्त चांगल्या कातडीवर, टोकं गोल कापलेली, म्हणजे मोज्याला अडकून उचकटत नाहीत. सुरकुती एक नाही. सुरकुती पडली की तिथं घासून दुसरा फोड. मग बँडेज बोटांच्या मुळापासून घोट्याकडे, इंग्रजी आठासारखं, प्रत्येक वेढा आधीच्याला अर्धा झाकणारा. बोटं उघडी. म्हणाली, 'बोटं निळी दिसली तर लगेच सोडा. आवळल्याचं तुम्हाला कळणार नाही, डोळ्यांनीच बघायचं.' आणि चालणं बंद. पुढची वारी सामानाच्या ट्रकमध्ये, गॅसच्या शेगडीशेजारी.

घरी आल्यावर इथल्या डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळव्याला नायलॉनचा धागा टेकवला. दहा जागा. मी सहा वेळा 'हो' म्हणाले, त्यातला एक खुर्ची करकरली म्हणून अंदाजाने. साखरेची तीन महिन्यांची सरासरी नवाच्या वर. गोळ्यांचं तू विचारू नकोस. ह्यांना फोडाचं सांगितलंय, धाग्याचं नाही.

सारखं एकच डोळ्यांसमोर येतं. तू नानांचा पाय धरायचीस, मी वेढे घालायची आणि ते आपले पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसायचे. चिकटलेलं गॉझ ओढलं तरी 'हं' नाही. मी घरी येऊन आईला सांगायची, सुमीचे नाना किती शूर आहेत!

मृण्मयीचं ठरलं म्हणे? मुलगा कुठला, काय करतो, सगळं कळव. तुझ्या गुडघ्याचंही.

आणि एक आठवून लिही. नानांना पहिल्यांदा कुठल्या बोटाचं कळेनासं झालं होतं? माझं उजव्या पायाचं मधलं आहे. फोन करू नकोस, हे घरातच असतात. पत्रच पाठव.

तुझी,
शकी