निरंक असलं तरी कळव

म्हसवड,
रथानंतरचा रविवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. "इथं पाऊस नाही म्हणून माणसं रडतात आणि तू पाऊस आहे म्हणून रडतेस." तोंडातून गेलं आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी हो-नाही एवढंच बोलते. चहा मिळतो, पण कप आदळून. फोनवर माझं असंच होतं, म्हणून कागद घेतला. पुण्याचे पाहुणे बुधवारी निघतायत, त्यांच्याबरोबर ज्वारीचं पीठ, कारळ्याची चटणी आणि हे पत्र देतोय.

तू म्हणालीस, चार दिवस खोलीबाहेर पडले नाही. मग हसलीस. ते हसणं मला आवडलं नाही. असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तुझ्या नॉर्वेतल्या बर्गनचे पावसाचे आकडे काढले मी. सवय जात नाही. वर्षाला सव्वादोन हजार मिलीमीटरच्या वर. आपल्याकडे पाचशे झाला तर पेढे वाटतात. २००६ च्या ऑक्टोबरअखेर तिथं जो पाऊस लागला तो २००७ च्या जानेवारीत थांबला, सलग ८५ दिवस. खरं सांगू, वाचून आधी हेवा वाटला. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची आणि आम्ही पोरं सुकडीच्या रांगेत. ज्यानं तो उन्हाळा बघितला त्याला पावसाची तक्रार ऐकूच येत नाही, कान तसे झालेत. ही सबब नाही, फक्त सांगतोय.

तुला आठवतं का, तहसीलच्या आवारात सकाळी आठला पाऊस मोजायला तू माझ्याबरोबर यायचीस. मापाची काच तुझ्या हातात द्यायचो. काचेतलं पाणी कडेला जरा वर चढतं, मध्ये खोलगट राहतं, वाचायचा तो खोलगटाचा तळ. हे तू पहिलीत असताना शिकलीस. खाली उकिडवी बसून एक डोळा मिटायचीस. एका वर्षी पाऊसच नाही म्हणून अख्खा जुलै रजिस्टरात 'निरंक' लिहीत होतो, तर तू विचारलंस, "अण्णा, निरंक म्हणजे किती?" कचेरी हसली होती. आता तुला कशी आहेस विचारलं की तू "ठीक" म्हणतेस, तेव्हा मला तोच प्रश्न पडतो.

आमच्या नियमात २.५ मिलीमीटर पडला तर तो पावसाचा दिवस, त्याच्या आत असेल तर नाही. म्हणजे तुझ्याकडे सकाळपासून रात्रीपर्यंत पिरपिर करून दोन मिलीमीटर पडला, तर माझ्या हिशेबी तो दिवस पावसाचा नाहीच. पण तू भिजलीसच की. मोजे भिजले, दप्तर भिजलं, वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही ओले. हे परवा फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं. मोजणाराला आधी कळायला हवं होतं.

महाबळेश्वर डोंगराच्या माथ्यावर, तिथं साडेपाच हजार. तेच ढग आपल्याकडे पोचेपर्यंत रिकामे. तुझं गाव म्हणजे तिकडचं महाबळेश्वर, समुद्रावरचा वारा सात डोंगरांना धडकतो आणि तिथंच सगळं ओततो. आणि पलीकडच्या खोऱ्यात त्यांचाही एक आपल्या माण तालुक्यासारखा कोरडा मुलूख आहे, तूच सांगितलं होतंस, वर्षाला तीनशेसुद्धा नाही, पूर्वी लाकडी पन्हळी लावून शेताला पाणी आणायचे. नाव काय तर 'शोक'! मी म्हटलं, गावाला असलं नाव? तेव्हा तू किती हसली होतीस. ते हसणं वेगळं होतं.

हे बघ, तुझ्याकडे आता दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारचा जो काय उजेड असेल, ढगाआडचा का होईना, तो डोळ्यांवर घे. सुती कपडे घालून जाऊ नकोस, आत लोकर, वर रेनकोट. छत्री वाऱ्यात उलटते, तिचा नाद सोड. तिथली बालवाडीची पोरं पावसात चिखल खेळतात हे तूच सांगितलंस, मग तुला काय… पाहिलंस, लागलो परत. माफ कर. पण पडतेस ना बाहेर?

विलासकाका डाळिंब वाळल्यावर दार लावून बसायचा. मी रोज विचारायचो, तो रोज "ठीक" म्हणायचा, आणि मी सायकल काढून कचेरीला जायचो. आईला हे लिहिलेलं सांगू नकोस.

डॉक्टरांनी तेल घ्यायला सांगितलंय आणि तू घेत नाहीस, हे मला आईकडून कळलं. माशाचं असेल तर असू दे. माळ माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही. जीव नकोच म्हणत असेल तर ड जीवनसत्त्वाची गोळी घे, पण यातलं एक काहीतरी घे. झोप, भूक, मन, जे असेल ते त्या डॉक्टरांना नीट सांग. "ठीक" सांगू नकोस.

रथाला यंदा गर्दी फार. गुलाल-खोबऱ्यात कोणी ना कोणी विचारत होतं, ताई काय करते? मी सांगतो, समुद्र शिकते. लोक बघत राहतात. ज्या घरापुढे टँकर आला की तू आधी घागर घेऊन पळायचीस, जिनं दहावीनंतर गणपतीपुळ्याला पहिल्यांदा समुद्र बघितला, ती. मी पुढं काही बोलत नाही, बोललो तर आवाज नीट राहत नाही.

आता एक काम सांगतो. जॅमची रिकामी बाटली घे, सरळ उभ्या भिंतीची, मधे फुगीर नको. इमारतीपासून लांब, उघड्यावर ठेव. तुझ्या खिडकीत नाही, खाली मैदानात. सकाळी जाऊन पट्टीनं पाणी मोज, जितके मिलीमीटर उंची तितके मिलीमीटर पाऊस. आकडा मला पाठव आणि बाटली रिकामी करून परत ठेव. कशासाठी सांगतोय ते तुला कळलंच असेल, तुला लहानपणापासून सगळं कळतं. तरी कर. मी नवी वही आणलीय, तारखा आखून ठेवल्यात. तुमचे आठ म्हणजे आमचे साडेबारा, तोवर मी जेवायला बसत नाही.

निरंक असलं तरी कळव.

तुझे
अण्णा

ता.क. पिठाला ओल धरेल, डबा घट्ट लाव. आई विचारतेय, भाकरी थापायला परात आहे का.