नांगराची निशाणी

पुणे,
रविवार, रात्री ११

प्रिय दोस्ता,

चार महिने तुझ्या पत्राला उत्तर नाही. चुकलंच माझं. तब्येत ठीक, गुडघे कुरकुरतात. पण हे तुला सोडून कुणाला सांगू?

पेशवे दफ्तरात जातो हे तुला माहीतच आहे; कौन्सिल हॉलजवळची १८९१ सालची इमारत. बुधवारी एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, सोडला आणि त्यात आपल्या गावाची कैफियत, म्हणजे लेखी जबानी, निघाली. इंग्रजांच्या इनाम कमिशनची! १८५२चा कायदा आला, सनद दाखवा नाहीतर जमीन खालसा, ती भानगड.

जन्मभर घरात काय ऐकलं? तुमच्या घरच्या पाटलांनी उलटी साक्ष दिली, म्हणून आमचं इनाम बुडालं. त्यापायीच आमचे आबा तुझ्या वडिलांच्या दहाव्याला आले नाहीत. तू तेव्हा काही बोलला नाहीस, पण तुझा चेहरा मी विसरलेलो नाही.

मोडी एका दमात लिहिलेली, शब्दांत अंतर नाही. तीनदा वाचली. तुझ्या खापरपणजोबांनी सांगितलंय की जमीन यांच्याकडे वडिलांपासून चालत आली, गावाला ठाऊक आहे. खाली लिहिता येत नव्हतं म्हणून नांगराची निशाणी: तीन रेघा, एकीवर शाई सांडलेली. म्हणजे ते आमच्या बाजूने उभे होते रे! इनाम गेलं ते आमच्याकडे सनद नव्हती म्हणून.

तू म्हणशील, बांधाचं भांडण तरी खरं. हो, ते खरं. एक साखळी तेहेतीस फूट, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, आणि तेवढ्यासाठी आपले आजोबा कोर्टात. तू आमच्या चिंचा पाडायचास, ते मात्र अजून कुठल्या रुमालात सापडलेलं नाही.

आता आबांना सांगू कसं? वय ९१. दीडशे वर्षांहून जुना राग त्यांनी जपलाय. तो काढून घेतला तर हाती काय उरेल? आणि न सांगता गेले तर तुझ्या वडिलांचं देणं तसंच राहील. झोप लागत नाही. हिला सांगितलं, ती म्हणाली, तुमच्या मित्रालाच विचारा.

नातीचं बारसं झालं का? नाव काय ठेवलं? घराचा स्लॅब पडला असेल. वहिनींना नमस्कार.

नकलेसाठी अर्ज दिलाय. ती हाती आली की तू ये. आबांसमोर मी एकटा वाचणार नाही. तू शेजारी बस.

तुझा
बापू