कापड हाताला लागायला नको का?

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या घरी सध्या एकच वाद चालू आहे, कपडे बाजारातून आणायचे की मोबाइलवरून मागवायचे. लेकीने मागे एका परदेशी साइटवरून कुर्ता मागवला, फोटोत सुती दिसत होता आणि आला तो पक्का पॉलिस्टर, खांद्यात घट्ट, बरं परत करायचा तर पाठवायचा खर्च आपलाच, म्हणून आता तो कपाटात पडलाय. आमच्या इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटात कसं, थान उलगडून दाखवतात, आपण चिमटीत धरून पोत बघतो, आणि सीतलामाता बाजारात तर घासाघीस केल्याशिवाय खरेदी झाल्यासारखं वाटतच नाही!

२०२० च्या जूनमधे सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्स बंद केली, त्यात कपडे विकणारी शीन आणि क्लब फॅक्टरीही होती. तेव्हा वाटलं आता लोक दुकानाकडे वळतील, पण कसलं काय, फेब्रुवारी २०२५ मधे शीन रिलायन्सचा हात धरून परत आलं, माल मात्र आता इथेच शिवलेला.

दुकानदारांचंही चुकतं हो. या बाजारांजवळ राजवाड्याला गाडी लावायला जागा मिळत नाही, कसंबसं पोचावं तर भिंतीवर पाटी, ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’. मग पोरं मोबाइलच उघडणार ना? निदान आठ दिवसांत बदलून द्या, बिल मागितलं की कपाळाला आठ्या घालू नका. बाकी ब्लाऊजपीस नि अस्तर मॅचिंग करायला मी तिथेच येणार, ते काही स्क्रीनवर जमत नाही.

– एक गृहिणी, इंदूर